जुन्या मोटारीचा पट्टा

चौलच्या उतारावर चंदरची टॅक्सी थांबली आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. मागच्या सीटवर केसर सुक्या बोंबलांच्या पाट्या सांभाळत बसली होती. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली ही मुलगी त्याच्या गाडीत आज पहिल्यांदाच चढली होती. तिनं उतरून पाहिलं, तर पंख्याच्या पट्ट्याच्या चिंध्या चंदरच्या हातात लोंबत होत्या. त्याचा चेहरा असा, जणू घरातलंच कुणी आजारी पडलंय.

"तू बैलगाडी बघ," तो खालमानेनं म्हणाला.

केसर गेली नाही. चिंचेखाली बसून तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. गाडी हमदुल्लाशेठची, फार जुनी. आता बंद पडली तर मोडीत घालीन, असं शेठनं बजावलेलं. मग चंदरला पोटासाठी मुंबई गाठावी लागणार होती. ते ऐकून केसरला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं...

अलिबागच्या दुकानातून आणलेला एक पट्टा सैल पडला, दुसरा चढेचना. केसर तर मासळी घेऊन लाँचनं मुंबईला निघालीच होती. चोरबाजारात मीच शोधते, म्हणाली. चंदरनं इंजिनाच्या चाकांभोवती जाळ्याचं सूत फिरवून माप घेतलं. सूत देताना बोटांना बोटं लागली, आणि ते कुणी सोडायचं हे दोघांनाही कळेना.

तिनं आणलेला पट्टा चार बोटं आखूड निघाला. केसरनं सूत चाचपलं, आणि तिचा चेहरा उतरला. लाँचवर लाटेचं पाणी उडालं होतं. सूत भिजून आखडलं होतं. जन्म जाळी विणण्यात गेला आणि एवढं सुचू नये... तिचे डोळे भरून आले. चंदर मात्र हसत सुटला. इतका, की शेवटी तीही हसली. शेठकडून त्यानं पौर्णिमेपर्यंतची मुदत मागून घेतली.

या खेपेला त्यानं तारेनं माप घेतलं आणि स्वतःही निघाला. चोरबाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं खुंट्यांवरचे पट्टे एकेक करून उतरवले. अखेर एक तारेवर अचूक बसला. केसरनं भर बाजारात टाळी वाजवली आणि मग लाजून पदर सावरला.

परतीच्या लाँचवर वारा सुटला होता. तिच्या अंबाड्यातलं अबोलीचं फूल उडालं. चंदरनं झेप घेतली, पण फूल समुद्रात गेलं. तो रिकामी मूठ घेऊन तिच्या शेजारी टेकला.

"केसर... तार तुझ्याकडं दिली असती, तरी चाललं असतं. मी यायची गरज नव्हती."

"मला ठावं हाय," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

"मग बोलली न्हाईस?"

"बोलले असते, तर आला असतास व्हय?" तिनं फडकं सोडलं. आत तांदळाच्या भाकरी होत्या, दोघांना पुरतील इतक्या. "आईनं बांधून दिल्यात. कुनासाठी, ते तिनं इचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं न्हाय. हसले नुसती."

दुसऱ्या दिवशी पट्टा चढला. इंजिन घुरघुरलं आणि लयीत चालू राहिलं. शेठनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मान डोलावली. चंदर तडक केसरच्या दारात आला.

"उद्या येऊन आईला इचारू?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"आजच इचार," केसर म्हणाली. "आई कवाची चहा ठेवून बसलीय."