सामन्याच्या आधीच

हस्ताची सर आली आणि तो तरुण धावत दुकानाच्या ओसरीत शिरला. केस भिजले होते, पाठ भिजली होती. काखेतल्या गाठोड्याला मात्र त्यानं थेंब लागू दिला नव्हता.

"सोनाजी शिंपी हायेत का?"

द्वारका काजं करत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"बाबा पुसेगावला गेलेत. पाटलाकडं दिवाळीचे कपडे शिवायला. आठवडाभर तरी येत न्हाईत."

"आठवडाभर?" तो खांबाला टेकला. "मग झालंच."

आवाज इतका पडला होता, की तिला विचारावंच लागलं.

"काय शिवायचं होतं?"

"कोट. कापड आणलंय." त्यानं गाठोडं पुढं केलं.

"एवढी घाई? लगीन हाय का तुमचं?"

"न्हाई हो..." तो हसला. भुवईवरून पावसाचा एक थेंब ओघळून त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. द्वारकेला उगाचच हसू फुटलं. सुईत दोरा ओवायचं निमित्त करून ती भिंतीकडे वळली.

त्याचं नाव उद्धव. जुन्या छावणीच्या माळावर रेल्वेचे साहेब आणि निजामाचे अंमलदार गोल्फ खेळत – काठीनं पांढरा चेंडू मारत मारत लांबच्या खळगीत घालायचा. लहानपणी उद्धव त्यांच्या काठ्या वाहायचा. वाहता वाहता शिकला, आणि आता नव्या खेळाडूंना शिकवायला क्लबानं त्यालाच पगारावर ठेवलं होतं. सिकंदराबादेत लवकरच व्यावसायिक खेळाडूंचा मोठा सामना भरणार होता. मुंबई-कलकत्त्याचे उस्ताद यायचे होते, आणि हिंगोलीतून पहिल्यांदाच कुणी तरी जाणार होतं. पण तिथला नेम कडक. कोटाशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही.

"मी शिवीन," द्वारका म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

आतून तिच्या मायचा, नानीबाईचा आवाज आला. "अन् माप कोण घेईल ग?"

द्वारकेनं टेप त्याच्यासमोर पाटावर ठेवली. "तुमीच घ्या. कसं घ्यायचं ते मी सांगते."

त्यानं छातीभोवती टेप गुंडाळली.

"छाती फुगवू नका."

"फुगवली न्हाई."

"मग श्वास सोडा."

त्यानं श्वास सोडला आणि टेप सैल होऊन खाली घसरली. आत नानीबाई तोंडाला पदर लावून हसली.

बाहीचं झालं, कमरेचं झालं. राहिली पाठ. टेप खांद्यावरून मागं टाकली की ती निसटायची. पुन्हा टाकली, पुन्हा निसटली.

"घे ग बाई तूच," नानीबाई दारात येऊन बसली. "मी हाय इथं."

द्वारका त्याच्या मागं उभी राहिली. बोटाच्या टोकानं तिनं टेप एका खांद्यावर धरली, मग दुसऱ्या. ओला सदरा थंड होता... आणि त्याच्या खाली ऊब होती. तो हललाही नाही.

"किती भरली?" त्यानं हळूच विचारलं.

आकडा तिनं वाचला होता. पण कुठं गेला कोण जाणे.

"विसरले."

"मग घ्या पुन्हा. मला घाई न्हाई."

"आत्ता तर होती."

"आत्ता होती..."

कोट बेतला, टाचला. दोन दिवसांनी तो घालून बघायला आला. कोट अंगावर नीट बसला होता, पण द्वारकेला शंका आली.

"काठी फिरवताना ओढलं तर? फिरवून दाखवा की."

"इथं? तुमची भांडी फुटतील. माळावर या."

मायलेकी माळावर गेल्या. पाऊस उघडला होता आणि ओल्या गवतावर ऊन पडलं होतं. चेंडूपाशी उभा राहताच उद्धव एकदम गप्प झाला. जणू तो कुणी वेगळाच होता. मग काठी वर गेली, सुंदर वळली, आणि चेंडू निळ्या आभाळात दिसेनासा झाला. द्वारका पाहतच राहिली. काखेतला टाका उसवल्याचा आवाज मात्र तिलाच ऐकू आला.

"मारायच्या आधी एवढं गप्प काहून होता?" ती जवळ गेली.

"भ्याव वाटतं."

"तुमाला? रोज तर खेळता."

"रोज तुमी बघत न्हाई."

द्वारकेनं उसवलेली शिवण पाहिली आणि म्हणाली, "काखेत जादा कापडाची कळी घालते. मग हात मोकळा फिरंल."

सोनाजी परतला तेव्हा कोट खुंटीला लटकत होता. त्यानं तो उलटसुलट पाहिला. काम चोख होतं. कोट पुन्हा खुंटीला लावत तो म्हणाला,

"वसमतचं स्थळ आलंय. माणसं पोरगी बघायला येऊन राहिलीत."

द्वारकेच्या बोटात सुई टोचली.

त्याच संध्याकाळी उद्धव कोट न्यायला आला. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती. कोट हातात घेऊनही तो निघेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "मामा, मला द्वारकेला मागणी घालायची हाय."

सोनाजीनं चष्मा काढला. "नरसीच्या शिंप्याचं पोरगं तू. आपल्यातलाच. पण तू सुई सोडून काठी धरली. खेळ का पोट भरायचा धंदा हाय? आईबाप न्हाईत, घर न्हाई."

"बराबर हाय, मामा. पण माझं पोट त्याच्यावरच भरतं."

सोनाजीनं चष्मा धोतराला पुसला. "सामना जिंकून ये. मग बोलू."

"न्हाई बाबा." द्वारका उठून उभी राहिली होती. "सामन्याच्या आधीच ठरवा. हे जिंकले तर लोक म्हणतील, पोरगी नावाला भुलली. हरले तर तुमी न्हाई म्हणाल. मला काय त्या चेंडूसंगं नांदायचंय?"

"तुला... पसंत हाय?" सोनाजीनं विचारलं.

"व्हय."

त्यानं बायकोकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघून राहिले?" नानीबाई म्हणाली. "पोरगी पाठीचा आकडा विसरली, तवाच मी ओळखलं."

सोनाजी हसू दाबत उठला. "वसमतला नको म्हणून निरोप धाडतो," म्हणाला, आणि पायात वहाणा सरकवून बाहेर पडला.

उद्धव तसाच उभा. द्वारकेनं हळूच पाहिलं, तर त्याचे डोळे भरून आले होते.

"आता काहून गप्प?"

"आता भ्याव न्हाई वाटत," तो म्हणाला, "म्हणून."

दिवाळीच्या तोंडावर तो परतला. स्टेशनावर तिघंही गेली होती. गाडी थांबायच्या आधीच तो दारात दिसला.

"कितवा आलास?" सोनाजीनं विचारलं.

"पाचवा."

"हे चांगलं का वाईट?"

"लई चांगलं, मामा. तिथला एक क्लब नोकरी देतो म्हणतोय. ऱ्हायला खोलीबी देतोय."

नानीबाईचा चेहरा खुलला. द्वारका मात्र रुळांकडं पाहत राहिली. हिंगोली, आपल्या माणसांचं घर... आणि तिकडं अनोळखी शहर.

"मग काय म्हणालात त्यांना?" तिनं विचारलं.

"म्हटलं, घरी विचारून सांगतो." तो जवळ आला आणि पहिल्यांदाच तिला एकेरीत म्हणाला, "तुलाच विचारून राहिलो. येशील?"

इंजिनानं वाफ सोडली. पांढऱ्या धुरात क्षणभर माय दिसेना, बाबा दिसेनात. दिसला तो एवढा एकच चेहरा, वाट पाहणारा.

"माझं शिवायचं मशीन संगं येईल," ती म्हणाली.

"लई जड असतं म्हणतात. उचलायला दोन माणसं लागतील."

"मग? हाओत की आपण दोघं."