सात कापडं आणि आजीचा पाना

मोरवण्याचं अणुवीजघर चाळीस वर्षं चालून बंद झालं होतं. आता त्याचे भाग सुटे करणं चालू होतं आणि ते काम नीरजाचे आजोबा, म्हणजे आबा, बघत होते. दहा वर्षांची नीरजा सुट्टीत त्यांच्याकडे आली, तेव्हा ते जाड काचेसमोर बसून एका पान्याकडे बघत होते. काचेपलीकडे ठमी नावाची यंत्रबाई तो पाना पुसत होती.

पाना आजीचा. आजी इथेच फिटर होती. तरुणपणी तिच्या हातून तो अणुभट्टीच्या भिंतीआड पडला होता. भट्टी मोडताना परवा सापडला, पण आजी गेल्या वर्षीच गेली. आबांना तो घरी न्यायचा होता.

कोडं असं, की सकाळपासून ठमीने पुसलेल्या झडपांजवळ किरण मोजणाऱ्या मापकाची टिकटिक थांबत होती. पान्याजवळ मात्र थांबेना.

“सातवं कापड, साहेब,” ठमी म्हणाली. “पहिल्याला धूळ लागली, पुढची सहा स्वच्छ. पण इथे वापरलेलं कापडही कचऱ्यातच जातं. पाना एक, कचरा सात.”

टिकटिक का थांबत नाही, असं नीरजाने विचारलं. आबांनी सांगितलं, की झडपांवर नुसती किरणोत्सारी (न दिसणारे अपायकारक किरण सोडणारी) धूळ असते. ती पुसली की झालं. पण भट्टीजवळ उडणारे न्यूट्रॉन (अणूच्या गाभ्यातले कण) पोलादात शिरतात आणि आतल्या कोबाल्ट धातूलाच किरणोत्सारी करतात.

“म्हणजे पोळीवरचं पीठ झटकता येतं, कणकेतलं मीठ नाही,” नीरजा म्हणाली. “मग आबा, तुम्ही पुसायला का सांगताय?”

आबांनी पान्याकडे पाहिलं. “माहीत होतं गं. तरी वाटलं, बघावं.”

यावर उपाय एकच, वाट बघणं. या कोबाल्टचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) साधारण पाच वर्षं. पाच वर्षांत निम्मा, दहा वर्षांत पाव, पन्नास वर्षांत जवळजवळ हजारावा भाग. तोवर पाना शिशाच्या पेटीत राहणार.

“तेव्हा मी साठ वर्षांची असेन. मी नेईन घरी,” नीरजा म्हणाली.

“आधी मोजून बघायचं. मगच हात लावायचा.”

आबांनी मान हलवली, तसा ठमीने पाना पेटीत ठेवला. चिठ्ठीवर उघडायचं वर्ष लिहिलं, नीरजाचं नाव लिहिलं आणि पत्ता विचारला.

नीरजा विचारात पडली. पन्नास वर्षांनी ती कुठे असेल, कोण जाणे. मंगळावरसुद्धा असेल.

“पत्ता मोकळा ठेवते,” ठमी म्हणाली.

आबा हसले. त्यांनी नीरजाच्या डोक्यावर हात ठेवला. “कुठेही अस. पण ये.”