बिननावाची रेघ

पट्टीचा लंगोट नको, असं लिहून देणारी ऋतुजा ही जयसिंगपूरच्या त्या प्रसूतिगृहातली पहिलीच बाई होती. सिस्टरनी दोन कपाटं धुंडाळली, पण नकाराचा फॉर्म काही सापडेना. तो आजवर कुणी मागितलाच नव्हता. शेवटी ऋतुजानंच एका कोऱ्या कागदावर लिहिलं, 'माझ्या होणाऱ्या बाळाला मी घरचे सुती लंगोट वापरणार आहे,' आणि खाली सही केली.

"अहो, पण मग बाळाची तपासणी कशी करायची?" सिस्टर म्हणाल्या. "टाचेतलं रक्त घेणं तर बंद होऊन चार वर्षं झाली."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पट्टीचा लंगोट आला आणि बाकीच्या तपासण्या हळूहळू मागे पडल्या. लंगोटाच्या आतल्या थरात तांदळाच्या दाण्याएवढा एक संवेदक असे. बाळाच्या लघवीतली रसायनं तो मोजायचा, आकडे कंपनीच्या आणि दवाखान्याच्या संगणकाकडे पाठवायचा, आणि आईसाठी लंगोटाच्या दर्शनी बाजूच्या पट्टीवर रंग उमटायचा. सगळं ठीक असलं की हिरवा, लक्ष द्यायला हवं असलं की पिवळा, धोका असला की लाल. जन्मजात अकरा आजार तो आठवड्याभरात पकडायचा, आणि त्यानं वाचलेली मुलं याच गावात खेळत होती. शेजारच्या बायका आता 'बाळ कसं आहे?' असं विचारत नसत. 'पट्टी काय म्हणते?' असं विचारत.

डॉ. नसरीन मुजावर यांनी कागद वाचला आणि ऋतुजाकडे पाहिलं. गेल्या वर्षीची बाळंतपणाची फाईल त्यांच्या टेबलावरच होती.

"रोज वजन करून मला कळवायचं," त्या म्हणाल्या. "काही वेगळं वाटलं तर फोन करत बसू नका. सरळ या."

घरी विश्वजीत वाट बघत होता. तो ऋतुजाचा नवरा, आणि आत्याचा मुलगाही. लहानपणापासून एकमेकांना ओळखत असल्यामुळे भांडणातही ते फार लपवाछपवी करत नसत.

"तू खरंच लिहून दिलंस?"

"दिलं."

"ऋतू, ती पट्टी पिवळी झाली म्हणून तर आपण पहिल्याला दवाखान्यात नेलं. नाहीतर तेवढंही कळलं नसतं."

ऋतुजा खाली बसून जुनी साडी फाडत होती. तिनं मान वर केली नाही.

"पट्टी पिवळी झाली सहाव्या दिवशी. चौथ्या दिवसापासून तो नीट दूध ओढत नव्हता. मला ते कळत होतं, विश्वा. अंगाला कळत होतं. मी पट्टी बघितली, ती हिरवी होती, आणि मी गप्प बसले." साडी टरकन फाटली. "या खेपेला मला रंग नकोत. ओलं झालं तर माझ्या हाताला कळू दे."

पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पाळणा भाड्यानं आणून ठेवला होता. डॉक्टरांनी कारण लिहिलं, 'जंतुसंसर्ग'. नाव ठेवलेलं नसल्यामुळे दाखल्यावर 'ऋतुजा यांचे बाळ' एवढंच होतं. त्या वेळी डॉ. मुजावर रजेवर होत्या, पण असत्या तरी त्यांनी वेगळं काही लिहिलं असतं असं त्यांनाही वाटत नव्हतं.

विश्वजीत तिच्याशेजारी बसला आणि साडीचं दुसरं टोक धरून ठेवलं.

ऋतुजानं सगळं नीट ठरवलं होतं. छत्तीस लंगोट. नवं बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं, एक खेप अंगाला, एक दोरीवर, एक घडीत. मऊ पडलेलं सुती कापड दुहेरी करून त्रिकोणी शिवायचं, नाडी पोटाला रुतू नये म्हणून रुंद ठेवायची. वापरायच्या आधी चार वेळा धुवायचं, कारण कोऱ्या कापडात खळ असते आणि ते पाणी शोषत नाही. धुण्याच्या पाण्यात सुगंधी द्रव्य घालायचं नाही.

"एवढं धुणार कोण?" विश्वजीतनं विचारलं.

त्याचं उत्तर आठवड्यानं एस.टी.तून उतरलं. ऋतुजाचे वडील आनंदा खुडे. ऋतुजाची आई वारली होती, आत्या, म्हणजे विश्वजीतची आईही, दोन वर्षांपूर्वी गेली होती, तेव्हा बाळंतिणीजवळ यायला ते एकटेच उरले होते. वारणेकाठच्या गुऱ्हाळांवर त्यांनी तीस वर्षं गुळव्या म्हणून काम केलं होतं. काहिलीत उसाचा रस उकळत असताना तो नेमका कधी उतरवायचा, हे गुळव्या ठरवतो.

"मला सांगू नको कसं धुवायचं," ते जावयाला म्हणाले. "हिची आई कामाला जायची तवा हिची बाळुती मीच धुतल्यात."

जानेवारीच्या शेवटी ऋतुजाला मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी, डोक्यावर दाट जावळ. दुसऱ्या दिवशी घरी आणलं. आनंदा पहाटे उठून बादलीतले लंगोट गरम पाण्यात टाकत, खळखळून पिळत आणि गच्चीवर ओळीनं वाळत घालत. ऊन चांगलं होतं. विश्वजीत वजनाचा आकडा डॉक्टरांना कळवत होता. दोन दिवस घरात असं वातावरण होतं की कुणी मोठ्यानं आनंद करत नव्हतं, पण प्रत्येकजण पाळण्यावरून जाताना थोडा थांबायचा.

चौथ्या दिवशी सकाळी आनंदा ओल्या हातांनी आत आले. हातात एक लंगोट होता.

"विश्वा, ह्याचा वास बघ."

"मामा, लघवीचाच असणार की."

"न्हाई. काकवीचा हाय."

विश्वजीतनं वास घेतला. काहीतरी गोडसर होतं खरं. "सीझन चालू आहे मामा. साखर कारखान्याकडनं वारं येतंय."

"कारखान्याच्या मळीचा वास येगळा, काकवीचा येगळा. तीस वर्सं नाक त्यातच व्हतं माझं. ह्यो वास हवेतला न्हाई. गरम पाण्यात टाकला की कापडातनं उठतोय. काल थोडा व्हता, मला वाटलं भास झाला."

ऋतुजा खाटेवरून उठली. तिनं तो लंगोट घेतला, मग बाळाच्या अंगाखालचा ओला लंगोट सोडवून नाकाशी धरला. कढईला लागत आलेल्या पाकासारखा वास. तिनं मुलीला छातीशी धरलं. मुलीनं दोनदा दूध ओढलं, सोडलं, आणि मान मागे टाकून बारीक, चिरका आवाज काढला.

"चल," ऋतुजा म्हणाली. "आत्ता."

डॉ. मुजावर यांनी लंगोट हातात घेतला, एकदा हुंगला, पुन्हा हुंगला. मग त्यांनी सिस्टरना ओरडून रुग्णवाहिका मागवली. बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं गेलं आणि त्याच गाडीतून बाळ आणि नमुना दोन्ही कोल्हापूरला निघाले. डॉक्टर स्वतः बरोबर बसल्या.

"अंगावरचं दूध तूर्त बंद," त्या वाटेत म्हणाल्या.

"म्हणजे? मग तिला काय देऊ?"

"सलाइनमधून साखर देतोय. मी पुस्तकात वाचलेला एक आजार आहे, आजवर पाहिलेला नाही. आपण खातो त्या प्रथिनांचे शरीरात तुकडे होतात. त्यातले तीन तुकडे पुढे मोडायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. काही मुलांत ते जन्मतःच नसतं. मग ते तुकडे रक्तात साठतात, मेंदूवर चढतात. आणि लघवीला असा वास येतो."

"आणि ती प्रथिनं कशात असतात?"

डॉक्टरांनी सलाइनची नळी सरळ केली. "सगळ्या दुधात असतात. आईच्याही."

संध्याकाळपर्यंत निदान पक्कं झालं. मुलीचं रक्त यंत्रातून शुद्ध केलं गेलं. पुण्याहून ते तीन घटक वगळलेली दुधाची भुकटी आली. तिसऱ्या दिवशी मुलीनं डोळे उघडून बोट धरलं. ती जगेल, डॉक्टर म्हणाल्या. जन्मभर मोजून खावं लागेल. मेंदूवर काही परिणाम झालाय का, ते बोलायला-चालायला लागल्यावर कळेल.

मग त्यांनी तिघांनाही बसवलं. "हा आजार तेव्हाच होतो, जेव्हा आई आणि वडील दोघांकडूनही तोच सदोष जनुक येतो. त्यांना स्वतःला काही होत नाही. तुमचं लग्न नात्यातलं आहे?"

"बहिणीचा पोरगा हाय माझ्या," आनंदा म्हणाले. "म्याच जुळवलं." मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढचा प्रश्न ऋतुजानं विचारला. तो काय असणार हे डॉक्टरांना माहीत होतं. तरीही त्यांची नजर खाली गेली.

"पहिल्याला हेच झालं होतं?"

"आता खात्रीनं कसं सांगणार? पण दूध न ओढणं, तो आवाज, मान मागे टाकणं... सगळं जुळतंय."

"मग त्याच्याही लंगोटाला हा वास आला असेल."

"आला असेल. पण त्या लंगोटात वास शोषून घेणारा थर असतो. आणि हा आजार पट्टीच्या त्या अकरा आजारांत नाही."

विश्वजीत उठून खिडकीशी गेला. गेल्या वर्षी येईल त्याला तो कौतुकानं सांगायचा, बघा, घरात तान्हं मूल आहे, पण वास म्हणून नाही. हे त्यानं किती जणांना सांगितलं होतं ते तो आठवत राहिला. त्याचे खांदे हलायला लागले तसे आनंदा उठले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ऋतुजा रडली नाही. तिच्या छातीतून दूध झरत होतं, पदर भिजला होता, आणि ते दूध आता कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. पहिल्याला तिनं ते शेवटच्या दिवसापर्यंत चमच्यानं पाजलं होतं. तो पीत नव्हता तर बळंच.

डॉ. मुजावर यांनी कंपनीला पत्र लिहिलं आणि पहिल्या बाळाच्या मूळ नोंदी मागितल्या. उत्तर आलं नाही. पण महिन्याभरानं एका रविवारी तिशीतला एक माणूस जयसिंगपूरच्या घरी आला. त्यानं आपलं नाव शार्दूल नाडकर्णी असं सांगितलं. त्या लंगोटाच्या संगणकप्रणालीवर तो काम करत होता.

"कंपनीनं पाठवलेलं नाही मला," तो दारातच म्हणाला. "मी रजा काढून आलोय."

त्यानं टेबलावर पहिल्या बाळाच्या नोंदींचा कागद पसरला. खाली दिवस, वर रसायनांच्या बऱ्याच रेघा. अकरा रेघांना नावं होती आणि त्या सपाट होत्या. एक रेघ तिसऱ्या दिवसापासून वर चढत गेली होती, अकराव्या दिवसापर्यंत. तिच्यापुढे नाव नव्हतं.

"संवेदकानं हे मोजलं होतं," शार्दूल म्हणाला. "तो सगळंच मोजतो. पण प्रणालीला अकराच नावं शिकवली होती. सहाव्या दिवशी पट्टी पिवळी झाली ती लघवी कमी होत होती म्हणून, या रेघेमुळे नाही. ओळखू येत नाही ते दखल न घेता सोडून द्यायचं, असं ठरलं होतं. नाहीतर आईनं काय खाल्लं त्यावरूनही पट्टी पिवळी झाली असती. तो नियम मी लिहिलाय."

विश्वजीतनं कागदावर बोट ठेवलं आणि ती रेघ खालून वरपर्यंत हळूहळू गिरवली. आनंदांना कागद वाचता येत नव्हता, पण जावयाचं बोट कुठे थांबतंय ते ते पाहत होते.

ऋतुजा मुलीला बाटलीनं दूध पाजत होती, मोजून साठ मिलिलिटर. बाटली संपेपर्यंत ती थांबली.

"हे सांगायलाच आलात?"

"नाही. डॉक्टरांचं पत्र आल्यावर मी बाकीच्या नोंदी काढल्या. अकरा लाख मुलांच्या आहेत. अशाच, बिननावाच्या चढत्या रेघा चारशे बारा मुलांत सापडल्या. काही मुलं कदाचित ठणठणीत असतील. जी आजारी असतील त्यांना शोधायलाच हवं, त्यात प्रश्न नाही. ते मी करणारच, नोकरी गेली तरी." तो अडखळला. "पण त्यातली त्रेसष्ट मुलं आता नाहीत. त्यांच्या आईवडिलांना काय सांगितलं गेलंय मला माहीत आहे. जंतुसंसर्ग, अशक्तपणा, नशीब. काहींनी ते मान्य करून टाकलं असेल. मी त्यांच्या दारात जाऊन हा कागद ठेवायचा की नाही, हे मला कळत नाहीये. हे कुणाला विचारावं? तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवलं नाही. तुम्हाला हे कळलं नसतं, तर बरं झालं असतं का?"

बाहेर गच्चीवर लंगोट वाऱ्यानं फडफडत होते. ऋतुजानं मुलीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कळल्यापासून ती एक रात्रही सलग झोपली नव्हती. आपण पाजलेला एकेक चमचा तिला आठवायचा. न कळतं तर निदान तेवढं तरी वाचलं असतं. हे त्याला सांगावं असं तिला वाटलं, आणि तिनं तोंड उघडलंही.

मुलीनं ढेकर दिला. ऋतुजानं तिचं तोंड पुसलं आणि कागदावरच्या त्या रेघेकडे पाहिलं.

"त्या त्रेसष्ट जणींपैकी," तिनं विचारलं, "आत्ता कुणाला दिवस गेलेत का, ते बघितलंत?"