आवाजाचा बॅकअप

"हनुवटी इथं टेका. कपाळ पट्टीला चिकटवा. आणि हलू नका."

पहिल्याच भेटीत इतक्या हक्काने बोलणारी मुलगी गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पेंग्विनला आजवर भेटली नव्हती. तो हलला नाही. श्वाससुद्धा बेताबेतानेच घेत राहिला.

चष्म्याच्या दुकानामागची काळोखी खोली. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन, त्यात अक्षरं. ठमी त्याच्या डोळ्यांपुढे एकेक काच सरकवत होती. कामाला वाघ पोरगी! दिवसाला तीस जणांच्या डोळ्यांत डोकावायची, पण अडकायची कुणाच्यात नाही.

"ही बरी... की ही?"

"तुम्ही जरा बाजूला झालात तर अक्षरं दिसतील. नाही झालात तरी माझी तक्रार नाही."

"शेवटची ओळ वाचा. तेवढंच बोला."

तेवढ्यात बाहेरच्या काउंटरवरून एक भरदार, बाजार हलवणारा आवाज आला. "ठमे, पाणी दे!"

पेंग्विन दचकला. "बाहेर कुणीतरी तहानलंय हो."

"कुणी नाही," ठमी म्हणाली. "सकाळी घरी बाबांनी बटण दाबलं होतं, त्याचं उत्तर आत्ता आलं."

काउंटरवर सर्व्हिस सेंटरमधून परत आणलेला तिचा जुना लॅपटॉप धापा टाकत होता. आणि तो आवाज होता तिच्या बाबांचा. बाबा भाजी बाजारात लिलाव पुकारायचे. माइक कधी हातात धरला नाही. त्यांनी टोमॅटोचा भाव सांगितला की शेवटच्या गाळ्यातली मांजर उठून बसायची. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. ऑपरेशनआधीच्या नऊ दिवसांत ठमीने त्यांच्याकडून तीनशे चाळीस वाक्यं बोलून घेतली. 'पंखा बंद कर.' 'गोळी घेतली.' 'ठमे, जेवलीस का?' प्रत्येक वाक्याचं पडद्यावर एक मोठं बटण. आता बाबांच्या गळ्याला भोक होतं, भोकावर पांढरी जाळी होती, आणि बोलायला ही बटणं. पण लॅपटॉप असा म्हातारा की बाबांनी पाणी मागावं, उठून स्वतःच प्यावं, आणि त्यानंतर याने ओरडावं, 'पाणी दे!'

"सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, भंगारात द्या."

"भंगारात माणसं द्यावीत. मशिनं नाही." पेंग्विनने लॅपटॉपवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "विंडोज काढून यावर लिनक्स टाकू."

"ते कसं असतं?"

"फुकट असतं, हलकं असतं, आणि काही बिघडलं की दोष तुम्हालाच देतं."

"म्हणजे नवऱ्यासारखं."

"मला अनुभव नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही," ठमी म्हणाली... आणि उगाचच काचा पुसत बसली.

त्याचं दुकान झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर. एक पाय लहानपणापासून आखूड, त्यामुळे चाल डुलती. त्यात लिनक्सचं चित्रही पेंग्विनचंच. गल्लीने नाव ठेवलं आणि त्याने ते दुकानाच्या पाटीवर लिहून टाकलं. चिडवायला कुणाला काही उरलंच नाही.

पहिल्या दुपारी त्याने पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून दाखवलं. "आत काही टाकायचं नाही, पुसायचं नाही. आधी नुसतं चालवून बघायचं. पटलं तर पुढे."

"स्थळं बघताना ही सोय हवी होती," ठमी म्हणाली.

वायफाय रुसलं. दुसऱ्या दुपारी वायफाय आलं, तर आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून. तिसऱ्या दुपारी सगळं जमलं, आणि तोवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने तिला एक कागद दिला होता, हाताने लिहिलेला, गिऱ्हाइकाला द्यायचा तसा. तिने तो न वाचताच पिशवीत कोंबला होता.

"आता जुनं पुसायचं," तो म्हणाला. "पण आधी बाबांचा आवाज बाहेर काढू. माझी रीत आहे. कॉपी करायचं, दुसऱ्या मशीनवर उघडून ऐकायचं, मगच पुसायचं. नऊ वर्षांत कुणाचा एक फोटोही गेलेला नाही माझ्या हातून."

त्याने दुसरा पेन ड्राइव्ह लावला. हिरवी पट्टी सुर्रकन भरली.

"झालंसुद्धा?" ठमीने टिचकी मारावी तसा ड्राइव्ह उपटला आणि त्याच्या नाकासमोर नाचवला. "बघ, तुझ्यापेक्षा तुझं लिनक्स चलाख. तुला तीन दिवसांत एक चहा विचारता आला नाही..."

ती हसत होती. जिन्याकडून येणारा दुपारचा करडा उजेड तिच्या एका गालावर पडला होता. पेंग्विन तिच्याकडे बघत राहिला, आणि तिच्याकडे बघता बघताच त्याने 'संपूर्ण डिस्क पुसा'वर क्लिक केलं.

वीस मिनिटं ते चहा प्यायले. त्या दोघांच्या वाट्याला आलेली सगळ्यात चांगली वीस मिनिटं तीच, आत्ताच सांगून ठेवतो.

नवी सिस्टिम लखलखत उभी राहिली. पडद्यावर बटणं मांडून झाली. पेन ड्राइव्ह लावला. तीनशे चाळीस फायली, नावासकट. आणि प्रत्येक नावापुढे आकडा शून्य.

"लाव ना एखादं," ठमी म्हणाली. त्याने लावलं. काही नाही. "आवाज वाढव की!"

"आवाज शंभरावर आहे, ठमे."

त्याला सगळं एका क्षणात कळलं होतं. पट्टी भरली तरी माल मशीनच्या डोक्यातच असतो. पेन ड्राइव्हवर तो मागाहून, सावकाश उतरतो. उतरण्याआधीच ड्राइव्ह उपटला गेला होता. त्याने तिच्या हाताकडे बघितलं. मग नजर काढून घेतली.

"मी उघडून बघितलं नाही," तो म्हणाला. "माझी चूक."

"लॅपटॉपमध्ये तरी कुठे असेल ना?"

"नाही."

"तू पुसलास," ती हळूच म्हणाली. "तू माझ्या बाबांचा आवाज पुसलास." तिने लॅपटॉप उचलला आणि जिना उतरून गेली.

घरी बाबांनी बटण दाबलं आणि वाट बघत बसले. जुन्या मशीनने त्यांना वाट बघायची सवयच लावली होती ना! अर्धा तास झाला, तास झाला. शेवटी ठमीने त्यांचा हात धरून बाजूला घेतला आणि सांगितलं. बाबांनी लिहायची पाटी ओढली आणि लिहिलं, 'कोणी?'

"पेंग्विनने."

त्यांनी पाटी पुसली आणि पालथी घातली.

"पेंग्विन म्हणे!" आत्या स्वयंपाकघरातून कडाडली. "माणसं काय संपली होती का गं?"

त्यानंतर बाबांनी पाटी सुलटी केली नाही. काही हवं असलं तर भिंतीवर बोटाने टक् टक्. डॉक्टरांना पुन्हा गाठ दिसली, तेव्हाही त्यांनी काही विचारलं नाही. ठमी दुकानात लोकांना 'ही बरी की ही' विचारायची आणि घरी येऊन भिंतीवरच्या टक् टक्ला उठायची. तिच्या वाटेतच तो पोटमाळा होता. तिने वाट बदलली.

अडीच महिन्यांनी लॅपटॉपवर सूचना झळकली: लिनक्सची नवी आवृत्ती आली आहे. ठमी रोज 'नंतर' म्हणायची. एका रविवारी तिने पिशवी झटकली आणि तो कागद शोधून काढला. बाबांचे रिपोर्ट तेवढे आधी बाहेर काढायचे होते. तिने पेन ड्राइव्ह लावला. पट्टी सुर्रकन भरली. तिने हात पुढे केला, आणि कागदावर तिसरी ओळ दिसली: 'पट्टी भरली तरी हात लावायचा नाही. आधी ड्राइव्हच्या नावापुढचा बाण दाबायचा, निरोप येऊ द्यायचा.'

तिने बाण दाबला. निरोप आला: अजून लिहिणं चालू आहे, काढू नका.

एक मिनिट. दोन. पाच. ठमी पडद्याकडे बघत बसली.

अपग्रेड तसंच टाकून ती निघाली. पोटमाळ्याच्या जिन्यावर धाप लागली तरी थांबली नाही.

"मी उपटला होता," ती दारातूनच म्हणाली. "माझ्या हाताने गेला. तुला माहीत होतं."

पेंग्विनने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दाढी वाढली होती. "हो."

"मग सांगितलं का नाहीस? अडीच महिने मी तुला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, पण कडक!"

"तुझ्या बाबांना कुणावर तरी चिडायचं होतं. ते माणूस घरातलं नको, असं वाटलं." तो टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागला. "आणि उघडून ऐकायचं काम माझंच होतं, ठमे. नऊ वर्षांत मी एकदाही न बघता पुसलं नव्हतं. त्या दिवशी पुसलं, कारण... तू हसत होतीस. हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

ठमी तिथेच पायरीवर बसली आणि रडली. तो डुलत आला, शेजारी बसला. हात लावू की नको, हे ठरवता ठरवता तिनेच त्याचा हात ओढून घेतला.

"तो पेन ड्राइव्ह तू इथंच सोडून गेलीस," तो म्हणाला. "रोज खरवडतोय. सहा तुकडे मिळाले. पण कामाचे नाहीत. तुम्ही आधी माइक तपासला होतात ना, ते आहेत. आणून द्यायचा धीर झाला नाही."

"चल घरी," ती म्हणाली.

बाबा खिडकीपाशी होते, वाळलेले, जाळीतून सूं सूं श्वास चाललेला. ठमी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, तो पेन ड्राइव्ह मी काढला होता. यानं नाही. मी." बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. ती वाट बघत राहिली, पण त्यांनी मान परत फिरवली नाही.

पेंग्विनने लॅपटॉप बाबांच्या हाताशी ठेवला, गुपचूप सहा बटणं पडद्यावर मांडली आणि एकेक वाजवलं. 'हॅलो, हॅलो.' 'चालू झालं का गं?' 'काय बोलू?' एक नुसतंच खाकरणं. 'ठमे, दारात कोण आलंय बघ. त्याला थांबायला सांग.' शेवटच्यात ठमीचं हसू आणि मागे आत्याची भांडी.

आत्याने पदर तोंडाला लावला. बाबांचा चेहरा हलला नाही.

"येतो मी," पेंग्विन म्हणाला. त्याने चपला पायात सरकवल्या. ठमी त्याला अडवायला उठली, पण कुठल्या हक्काने अडवणार? बाबांच्या पाठीकडे बघून ती जागीच उभी राहिली. त्याने दाराची कडी काढली.

मागून बाजार हलवणारा आवाज आला.

"ठमे, दारात कोण आलंय बघ. त्याला थांबायला सांग."

बाबांचं तोंड अजून खिडकीकडेच होतं. बोट मात्र पाचव्या बटणावर होतं.

ठमी दाराशी गेली. तिने कडी परत लावली.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "थांब."