थोरलीची परवानगी

उंब्रजच्या पेठेत राजनंदिनीचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सात वर्षांत तिनं निम्म्या तालुक्याची लग्नं कागदावर लावली, आता स्वतःची पाळी आली होती. नवरा सांगलीचा, वरद. लग्न अकरा दिवसांवर. उद्या सकाळी पहिली पत्रिका देवापुढं ठेवून वाटप सुरू व्हायचं होतं, म्हणजे आज दिवस मावळायच्या आत पाचशे पत्रिका हव्यातच. छापणारीचीच पत्रिका लांबली तर अख्खी पेठ हसली असती.

दुकानात सकाळपासून नुसती धमाल. वडील लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, पाकिटांच्या कोपऱ्यांना हळदीचं बोट लावता लावता बेसूर गात होते. आई शकुंतला मागच्या खोलीत चहा टाकत होती.

"नंदे, सुभेदार मोठ्या अक्षरात टाक गं!"

"आबा, लगीन माझं हाय, तुमची बढती न्हाई!"

तिनं शेवटचा हात फिरवला आणि सेव्ह दाबलं. पडद्यावर एक चौकट उघडली. 'या फाइलमध्ये बदल करायला तुम्हाला राजेश्वरी यांची परवानगी लागेल.'

कोण राजेश्वरी? या कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता. मालकीण ती, अ‍ॅडमिनही तीच. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. छापायला टाकलं तरी तेच. नवी फाइल उघडून सगळा मजकूर परत टाइप केला, तरी तेच. बाकी गिऱ्हाइकांच्या पत्रिका मात्र खुशाल सेव्ह होत होत्या.

शेवटी तिनं कराडच्या वीरधवलला फोन लावला. दुकानातली सगळी यंत्रं त्यानंच बसवलेली. फोन स्पीकरवर ठेवला आणि तो तिकडूनच तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला.

"हात्तिच्या! परमिशनचा घोळ हाय, ताई. दोन मिन्टात काढतो."

दोनाची वीस मिनिटं झाली. पडद्यावरचा बाण फिरत राहिला.

"ताई, खातं हितं एकच हाय, तुमचं. राजेश्वरी म्हणून खातंच न्हाई," तो म्हणाला. "पर फाइलची मालकी तिची दिसतीया. तुमच्या नावावर केली की परत तिच्याकडं जाती. राजेश्वरी कोण वो?"

मागच्या खोलीतली कपबशांची किणकिण थांबली. शकुंतला दारात आली.

"काय नाव घेतलं त्यानं?"

राजनंदिनीनं पडद्याकडं बोट केलं. आईनं चौकट वाचली, मग तिच्यामागची पत्रिका. 'आमची एकुलती एक कन्या' इथं तिची नजर अडकली.

"एकुलती न्हाईस तू, नंदे. तुझ्या आधी एक झाली होती. बाराव्या दिवशी बारसं केलं. नाव ह्यांनीच सीमेवरनं पत्रातनं धाडलेलं. बाविसाव्या दिवशी गेली. ह्यांना रजा मिळाली तवा पाळणा रिकामा."

"मी तिचं तोंडसुदिक बघितलं न्हाई," लालासाहेब म्हणाले, आणि एवढा मोठा गडी ढसाढसा रडला.

राजनंदिनीचेही डोळे भरून आले. पण आपल्याला बहीण होती, हे मनात येताच तिला हसूही फुटलं.

"थोरलीच्या आधी धाकटीचं लगीन करायचं, तर थोरलीला इचारायचं असतंय," शकुंतला म्हणाली. "आपण इचारलंच न्हाई की!"

तिनं बस्त्यातला एक खण काढला, वर नारळ ठेवला आणि ती ओटी कीबोर्डशेजारी मांडली. पडद्याला हळदकुंकू लावलं.

"ताई, काय चाललंय तिकडं?" फोनवरून वीरधवल.

"मानपान चाललाय. गप रं!" लालासाहेबांनी डोळे पुसले आणि सवयीनं टाचा जुळवल्या.

"बाळा, धाकटीचं लगीन हाय," शकुंतला म्हणाली. "व्हय म्हण."

राजनंदिनीनं 'एकुलती एक' खोडून 'धाकटी' लिहिलं. सेव्ह दाबलं.

चौकट आली नाही.

"झालं!" ती ओरडली. "वीरधवल, जेवायला यायचं हं लग्नात!"

"माझं काय न्हाई त्यात, ताई. तुमच्या कॉम्प्युटरची लाइन मघाशीच तुटली, नुसता फोन चालू हाय."

पडद्यावरचा बाण अजून फिरत होता. तो पत्रिकेच्या तळाशी गेला. थोडा वेळ तिथंच रेंगाळला.

मग प्रिंटर आपणहून सुरू झाला.

पहिली पत्रिका लालासाहेबांनी दोन्ही हातांत धरली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. तळाशी ते थांबले. पत्रिकेत तिथं घरातल्या बारक्या पोरांची ओळ असते. यांच्या घरात बारकं कुणी नव्हतं, म्हणून राजनंदिनीनं ती टाकलीच नव्हती.

आता तिथं लिहिलं होतं, 'माझ्या धाकटीच्या लग्नाला यायचं हं!'

"अशाच वाटायच्या," शकुंतला म्हणाली. मग रडत, हसत, एकमेकांना चिडवत तिघांनी पाचशे पत्रिका पाकिटात भरल्या. दिवस मावळायच्या आत काम उरकलं.

भरता भरता राजनंदिनीच्या एक गोष्ट ध्यानात आली. आई-आबांना तिनं ती सांगितली नाही. पहिल्या पत्रिकेवर ती ओळ वेडीवाकडी होती, पाटीवर गिरवल्यासारखी. शंभराव्या पत्रिकेवर अक्षर शाळकरी पोरीचं होतं. तीनशेव्यावर त्याला वळण आलं होतं.

पाचशेव्या पत्रिकेवर ते तिशी उलटलेल्या बाईचं होतं, आणि शाई अजून ओली होती.