डिनरनंतरचा फोन

"विल्फ, क्लिफनं मला फसवलं," फोनवर डॉरीन हेग म्हणाली. बाकी काही न बोलता तिनं फोन ठेवला.

विल्फ ऑक्स्लीनं बूट घातले. खाणीतून निवृत्त झाल्यापासून उत्तर इंग्लंडमधल्या मेक्सबरोच्या वाचनालयात दर मंगळवारी तो लोकांना फॉर्म भरून देई. बायको आयव्ही गेल्यापासून ते एवढं एकच काम उरलं होतं. डॉरीनचं घर चार दारं सोडून. तिचा नवरा क्लिफ आणि त्याची आयव्ही दफनभूमीत एकाच रांगेत होते. सहा आठवड्यांपासून क्लिफच्या थडग्यापाशी गवत माजलेलं विल्फनं पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

आता तिच्या घरी बसल्यावर कारण कळलं.

पाच वर्षांपूर्वी छपरासाठी हेग नवराबायकोनं कर्ज घेतलं होतं. त्याचे हप्ते डॉरीन अजून भरत होती. आजारपण आलं किंवा नोकरी गेली तर हप्ते भरणारा विमा त्याच कर्जात गुपचूप घुसवलेला आहे, हे विल्फनंच यंदा कागद चाळताना शोधलं होतं. डॉरीननं पैसे परत मागितले. सहा आठवड्यांपूर्वी कर्ज देणाऱ्या कंपनीनं नकार कळवला आणि फाईलमधल्या जुन्या टिपणाची प्रत जोडली. तेव्हापासून तिनं ती लपवून ठेवली होती.

"आज का सांगतेस?"

"कंपनीचा माणूस परवा येतोय. सही करून तक्रार मागं घ्या म्हणतो. वाच."

विल्फनं चष्मा लावला. *श्री. हेग यांनी डिनरनंतर फोन करण्यास सांगितले. संध्याकाळी ७.४० ला फोन केला. विमा हवा म्हणाले. पत्नीला कळवू नये म्हणाले. — एन. सी.*

"एकोणचाळीस वर्षं संसार केला," डॉरीन म्हणाली. "माझ्यापासून लपवण्यासारखं आणखी काय काय होतं, कुणास ठाऊक."

"खरं वाटतं तुला?"

"मेलेल्याला कसं विचारू?"

टिपण त्यानं खिशात घातलं.

एन. सी. म्हणजे नेव्हिल क्रॉशॉ. जन्मापासून याच गावचा. तेव्हा कर्जं विकायचा, आता गालिचे विकतो. दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला विल्फ दुकानात शिरला, तेव्हा तो काउंटरवर मांसाचं सारण भरलेला पोर्कपाय कापत होता.

"डिनर तरी सुखानं करू दे रे, म्हाताऱ्या!"

"कर की. तोंड चालू असतंच तुझं. हे तू लिहिलंस?"

नेव्हिलनं वाचलं. घास तसाच राहिला. "नाही."

"अक्षरं तुझ्या नावाची आहेत."

"ऐक. कर्जाच्या फॉर्मवर विम्याच्या चौकटीत मी खूण करायचो. सगळ्यांच्याच. विचारायचो नाही कुणाला. आमचे वरिष्ठ पेलहॅमसाहेब, त्यांचा हुकूम होता, आणि मला कमिशन मिळायचं. लाज वाटते आता. पण क्लिफला मी फोन केला नाही. विचारायचंच नव्हतं तर फोन कशाला करू?"

"लिहून देशील?"

"माझं डिनर राहून जातंय," नेव्हिल पुटपुटला. मग कागद ओढून त्यानं तेच लिहून दिलं.

दारापर्यंत जाऊन विल्फ थांबला. खिशातलं टिपण काढून त्यानं पुन्हा वाचलं.

गुरुवारी साडेअकराला वाचनालयाच्या मागच्या खोलीत कंपनीकडून पेलहॅम आला. लंडनच्याही दक्षिणेकडचा माणूस. पूर्वी विक्री सांभाळायचा, आता तक्रारी. त्यानं मूळ फाईल टेबलावर ठेवली.

"ही कुणाच्या ताब्यात असते?" विल्फनं विचारलं.

"माझ्या. कुलपात."

"दुसरं कुणी उघडतं?"

"क्रॉशॉ नोकरी सोडून गेल्यापासून फक्त मी."

"म्हणजे हे टिपण एक तर त्याचं, नाही तर तुमचं."

"त्याचंच. सही आहे ना!"

विल्फनं घड्याळ पाहिलं. "बरं. डॉरीनला थोडा विचार करू द्या. डिनरनंतर परत बसू."

डॉरीन लगेच उठून कोट घालू लागली.

"डिनरनंतर?" पेलहॅम वैतागला. "माझी पाचची गाडी आहे, ऑक्स्ली. रात्रीपर्यंत थांबू की काय मी?"

एक बाही कोटात घातलेली डॉरीन तशीच उभी राहिली.

"साहेब," विल्फ म्हणाला, "इथं डिनर दुपारी बाराला असतं. डॉरीन वीस वर्षं शाळेत पोरांना तेच वाढत होती. संध्याकाळी पाचला खातो त्याला आम्ही 'टी' म्हणतो. क्लिफ 'डिनरनंतर' म्हणाला असता, तर नेव्हिलनं एक वाजता फोन केला असता. सात चाळीसच्या फोनला 'डिनरनंतर' म्हणणारा माणूस या गावात जन्मलेला नाही. फाईल उघडणारे दोघंच. नेव्हिल इथला."

"एका शब्दावरून तुम्ही—"

"नेव्हिलचा जबाबही आहे. आणि मूळ कागद तुमच्या हाताखाली आहे. कर्जाच्या तक्रारी पाहणाऱ्या लवादाकडे पाठवू. शाई पाच वर्षांची की दोन महिन्यांची, ते सांगतील."

पेलहॅमनं कागदावरचा हात काढला नाही. मग तो खुर्चीत मागं टेकला.

"फाईलमध्ये काहीच नव्हतं," तो म्हणाला. "विमा मागितल्याचा एकही कागद नाही. अशा शेकडो फायली आहेत, आणि सगळ्या माझ्याच काळातल्या."

"आणि पत्नीला कळवू नये, ते?" डॉरीननं विचारलं.

"तुम्हाला कधी पत्र गेलं नव्हतं. काही तरी कारण दाखवावं लागणार होतं."

"म्हणून माझ्या नवऱ्याच्या तोंडी घातलंत होय?" तिचा आवाज चढला नाही. "सहा आठवडे मी त्याच्या थडग्याशी जाऊन बोलले नाही."

पेलहॅमनं मान खाली घातली. विम्याचे पैसे व्याजासकट परत करतो, असं त्यानं तिथंच लिहून दिलं. मूळ टिपण विल्फनं ठेवून घेतलं. ते लवादाकडे जाणारच होतं.

बाहेर आल्यावर डॉरीननं दुसरी बाही कोटात घातली.

"सात चाळीसला तो असायचा कुठं, माहितीये?" ती म्हणाली. "टी आटपून खुर्चीत घोरत. फोन वाजला तरी उठायचा नाही मेला."

विल्फ हसला. आयव्ही गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच.

थोडं चालल्यावर ती थांबली.

"विल्फ, गवत कापायची ती कात्री आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग आधी क्लिफकडं जाऊ. डिनर मागनं करू."