करवंदाची पैज

मे महिना. बडोद्याचं खंडेराव मार्केट. टोपलीत करवंदांचा एकच द्रोण उरलेला... आणि त्यावर दोन हात!

"मासी, आ मने आपो," द्रोण मागत तो टोपलीवालीला म्हणाला.

"पहेलां हुं आवी छुं!" पहिला नंबर आपलाच, अशा ठसक्यात अहल्या.

त्यानं निमूट द्रोण तिच्याकडे सरकवला. फक्त एक करवंद चिमटीत उचललं आणि, अगदी सवयीनं—

"कोंबडा की कोंबडी?"

अहल्या थबकली. लहानपणापासूनचा खेळ! आतून लाल तर कोंबडा, पांढरट तर कोंबडी.

"अय्या, मराठी? मग मघापासून गुजरातीत का भांडताय?"

"सुरुवात मी केली, पण जोर तुमचाच होता."

नाव – हेरंब. घर – निजामपुरा. डोळे – ...ते असू दे.

मग मार्केट. पुन्हा मार्केट. आणि एका रविवारी पावागड. सोबतीला आलेली अहल्याची थोरली बहीण सुनंदाताई पाय दुखतात म्हणून माचीवरच ताक पीत बसली. शहाणी बाई!

डोंगर भाजून निघालेला. गवत करपलेलं, झाडं उघडीवाघडी. आणि त्या तापल्या खडकांत करवंदीची जाळी – हिरवीगार! पान न् पान तुकतुकीत. कुणी पाणी घातलेलं नाही, कुणी राखलेलं नाही. अहल्या बघतच राहिली.

"काय तोरा बाईचा!" मनगटावरचा ओरखडा चोळत हेरंब म्हणाला. "अंगभर काटे, तरी जीव तिच्यावरच."

"कुणाचा?"

तो हसला नाही.

"नागपूरला मोठी नोकरी मिळतेय. उद्या हो-नाही कळवायचं."

"मग... जा की."

"जाऊ?"

"मला काय विचारता?"

"बरं, हिलाच विचारू." त्यानं जाळीतलं एक टपोरं करवंद तोडून तिच्या तळहातावर ठेवलं. "कोंबडा निघाला, तर नागपूर. कोंबडी निघाली, तर बडोदं... आणि येत्या गुरुवारी आई तुमच्याकडे येईल. रीतसर."

अहल्यानं पाठ फिरवली. करवंद फोडलं.

लाल. लालभडक!

तिनं ते झटकन तोंडात टाकलं.

"काय निघालं?"

"कोंबडी."

"बघू?"

"खाल्ली."

त्यानं तिचा हात हातात घेतला. बोटं लालेलाल. तिनं मूठ मिटायला पाहिलं, त्यानं मिटू दिली नाही. रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं – सावकाश, जपून.

"कोंबडीच," तो म्हणाला. "शंकाच नको."